विश्लेषण : प्रेक्षकांची सर्वाधिक मते मिळूनही टॉमची सुटका का नव्हती?

डिसेंबर २००८. बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ची उपांत्य फेरी. (आपल्याकडील ‘झलक दिखला जा’ याच कार्यक्रमाची भारतीय आवृत्ती.) प्रेक्षक पैसे मोजून फोनवरून मते देत होते आणि अभिनेता टॉम चेंबर्सला पडणारी मते वाया जात होती.

नियम काय होता?

स्पर्धक उरले होते तीन. परीक्षकांच्या क्रमवारीनुसार ३, २, १ गुण आणि प्रेक्षकांच्या मतांनुसार पुन्हा ३, २, १. बेरजेत पहिला येणारा थेट अंतिम फेरीत, उरलेल्या दोघांत ‘डान्स-ऑफ’. बेरीज सारखी झाल्यास प्रेक्षकांचा कौल वरचढ.

घोळ कुठे झाला?

रेचल स्टीव्हन्स आणि लिसा स्नोडन यांना परीक्षकांनी समान गुण दिले. दोघींना प्रत्येकी ३, टॉमला १. आता टॉमला सर्वाधिक मते मिळाली असे धरू. त्याचे १ अधिक ३, म्हणजे ४. पण मतांत दुसरी येणारीचे ३ अधिक २, म्हणजे ५! म्हणजे काहीही झाले तरी टॉम ‘डान्स-ऑफ’मध्येच. तिसरीतल्या मुलाला जमेल अशी ही बेरीज मतदान सुरू होण्याआधी कुणीच केली नव्हती.

दोघींना सरासरी अडीच गुण दिले असते तर? तरीही त्यांच्यातील एक साडेचारवर गेली असती. गुण तळापासून मोजून टॉमला १ आणि दोघींना २ दिले असते, तर मात्र टॉमला ४-४ अशी बरोबरी साधता आली असती आणि प्रेक्षकांच्या कौलावर तो सुटला असता. बरोबरी झाली नसती तरी शेवटच्या क्रमांकाची वाट अरुंदच होती. परीक्षकांची पहिली पसंती प्रेक्षकांत तळाला गेली, तरच तो वाचणार!

बीबीसीने काय केले?

‘डान्स-ऑफ’ रद्द केला, तिघांनाही अंतिम फेरीत नेले आणि पडलेली मते पुढे धरली. फोन-इन स्पर्धांतील फसवणुकीबद्दल ‘ऑफकॉम’ने त्याच वर्षी जुलैत बीबीसीला ४ लाख पौंडांचा दंड ठोठावला होता, त्यामुळे प्रेक्षकांच्या पैशांचा प्रश्न आधीच नाजूक झाला होता.

आठवडाभराने अंतिम फेरी झाली. विजेता ठरला टॉम चेंबर्स.