बाळाचा श्वास मोजायला शिका

पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि हिवाळा हे दिवस तान्ह्या बाळांना त्रासाचे. थोरल्याला पडसे झाले की दोन-चार दिवसांत धाकट्याचेही नाक वाहू लागते. याचे कारण बहुधा विषाणू असतो. त्यांपैकी 'आरएसव्ही' हा विषाणू १९५६ साली सापडला. दोन वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची बाधा होतेच. बहुतेक मुले आठवडा-दहा दिवसांत बरी होतात. काहींच्या मात्र फुप्फुसातील बारीक श्वासनलिका सुजून चिकट स्रावाने भरतात व दम लागतो. त्रास सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतो. म्हणून पहिल्या दिवशी बाळ खेळते आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

धोका ओळखण्यास यंत्र लागत नाही. बाळ शांत असताना पोटावरचा कपडा वर करून घड्याळाप्रमाणे पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार पुढील आकडा किंवा त्याहून अधिक म्हणजे श्वास जलद :

२ महिन्यांखाली – ६०
२ महिने ते १ वर्ष – ५०
१ ते ५ वर्षे – ४०

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील कार्यकर्ते व सुईणींना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचा अहवाल १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. जे सुईणी शिकल्या, ते आपल्या माता-भगिनींना व विद्यार्थ्यांना अवघड नाही.

श्वास जलद असणे, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे, ओठ निळसर होणे, अंगावर पिणे सोडणे, झटके किंवा सुस्ती, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दोन महिन्यांखालील बाळाला नुसता ताप आला तरी थांबू नये.

लक्षणे नसतील तर घरीच काळजी घ्यावी. आईचे दूध थोडे-थोडे, वारंवार पाजावे. पाजण्यापूर्वी नाकात सलाईनचे थेंब टाकावेत. तापाचे औषध वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारूनच द्यावे. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे हट्ट धरू नये. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याचे औषध देऊ नये, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ साली दिली आहे. एक वर्षाखाली मधही नको. चूल व विडीचा धूर बाळापासून दूर ठेवावा आणि हात साबणाने धुऊनच बाळाला घ्यावे.

अंगारा, दोरा किंवा पोटावर डाग देणे यात मोलाचे तास जातात आणि बाळाचे हाल होतात. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पडताळून पाहा, ही तथागतांची शिकवण. आजारी भिक्खूची शुश्रूषा त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. आपल्या वस्तीतील प्रत्येक घरात श्वास मोजणारे एक तरी माणूस तयार करणे, हीदेखील धम्मसेवाच होय.

जयभीम!