ओढण्याची शक्ति व वाहण्याची शक्ति

बैलगाडी भरतांना जाणता गाडीवान दोन गोष्टी पाहतो. बैलांच्यानें ओझें ओढवेल कीं नाहीं, ही एक. आणि गाडीचा आंस व चाकें तें ओझें सोसतील कीं नाहीं, ही दुसरी. बैल कितीही धिप्पाड असले, तरी त्यामुळें आंस मोडावयाचा राहत नाहीं. अमेरिकेंतील पिकअप ट्रकांच्या बाबतींत हाच भेद ध्यानांत न घेतल्यास मोठा अपघात ओढवूं शकतो. म्हणून त्या भेदाचा हिशेब कसा मांडावा, हें ह्या लेखांत पाहूं.

पिकअप ट्रक म्हणजे पुढें माणसांस बसावयाची जागा व मागें सामानासाठीं उघडा हौदा असलेली मोटार. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या 'मॉडेल टी' मोटारीस असा हौदा कारखान्यांतच बसवून ती विकावयास आरंभ केला. हौद्यांत शेताचें सामान, आणि मागें जोडलेल्या ट्रेलरावर घोडे, होडी किंवा चाकांवरचें लहानसें घर, असा ह्या गाडीचा दुहेरी उपयोग होतो. पूर्वीं ह्या गाड्या अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशा ओझ्याच्या नांवानें ओळखीत. अमेरिकन टन २००० पौंडांचा, म्हणजे सुमारें ९०७ किलोग्रॅमांचा असतो. तीं नांवें अद्याप चालू आहेत. परंतु आजची 'अर्ध्या टनाची' गाडी बहुधा त्याहून अधिक ओझें वाहते. म्हणून नांवावर न जातां प्रत्यक्ष गाडीवर लिहिलेले आंकडे वाचले पाहिजेत.

हे आंकडे मुख्यतः चार. पहिला, भरलेल्या गाडीचें कमाल वजन. रिकामी गाडी, तिचें इंधन, आंतील माणसें, हौद्यांतील सामान आणि ट्रेलराचा जो भार गाडीवर टेकेल तो, ह्या सर्वांची बेरीज ह्या मर्यादेबाहेर जातां कामा नये. दुसरा आंकडा पेलोडचा. कमाल वजनांतून इंधन भरलेल्या रिकाम्या गाडीचें वजन वजा केलें म्हणजे जें उरतें, तें पेलोड. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तींत माणसें व सामान मिळून किती वजनाबाहेर जाऊं नये, हें त्या गाडीपुरतें दिलेलें असतें. तिसरा आंकडा म्हणजे पुढच्या व मागच्या आंसाची निरनिराळी मर्यादा. चौथा, गाडी व ट्रेलर मिळून होणाऱ्या एकंदर वजनाची मर्यादा. ही गाडी किती वजनाचा ट्रेलर ओढील, म्हणून जाहिरातींत जो भलामोठा आंकडा असतो, तो ह्या चारांहून निराळा. आणि गोंधळ होतो तो बहुधा त्याच्यामुळेंच.

ट्रेलर गाडीमागून नुसता ओढला जात नाहीं. त्याच्या पुढच्या दांडीचा भार गाडीच्या मागच्या टोंकावर टेकलेला असतो. साध्या ट्रेलराच्या बाबतींत हा भार भरलेल्या ट्रेलराच्या वजनाच्या शेंकडा १० ते १५ असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. तो फार कमी ठेवला, तर आपल्याकडे ज्यास गाडी उलाळ होणें म्हणतात, तशी स्थिति होते. मग भरवेगांत ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे घेऊं लागतो व पुढच्या गाडीसही आपल्याबरोबर ओढतो. सारांश, दांडीवरचा भार टाळतां येत नाहीं. आणि जो टाळतां येत नाहीं, तो पेलोडांतून वजा करावाच लागतो.

एक उदाहरण घेऊं. समजा, एका गाडीचें भरलेलें कमाल वजन ३२०० किलोग्रॅम असून रिकामें वजन २४०० आहे. म्हणजे पेलोड ८०० किलोग्रॅम. कंपनी सांगते कीं, ही गाडी ५००० किलोग्रॅमांचा ट्रेलर ओढील. आतां पांच माणसांचें एक कुटुंब प्रवासास निघालें. माणसें ३५०, हौद्यांतील सामान १००, ट्रेलर जोडण्याचें लोखंडी साहित्य ३५. एकूण ४८५ किलोग्रॅम. ८०० मधून ४८५ गेले, उरले ३१५. दांडीवरचा भार शेंकडा १२ धरिला, तर ह्या कुटुंबास २६२५ किलोग्रॅमांहून जड ट्रेलर जोडतां येणार नाहीं. ५००० चाच जोडला, तर दांडीचा भार ६०० होऊन गाडी २८५ किलोग्रॅमांनीं मर्यादेबाहेर जाईल. इंजिन तरीही ट्रेलर ओढीत राहील, आणि खरा धोका ह्यांतच आहे. इंजिनास झेपतें म्हणून चालक निर्धास्त राहतो. परंतु इकडे टायर तापत असतात, स्प्रिंगा दबलेल्या असतात आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबावयास अधिक अंतर लागतें.

तरफेचा नियम शिकलेल्या विद्यार्थ्यांनीं आणखी एक गोष्ट पडताळून पाहावी. दांडीचा भार मागच्या आंसावर नव्हे, तर त्याच्याही मागें पडतो. दोन आंसांतील अंतर ३.६ मीटर आणि मागच्या आंसापासून जोडापर्यंतचें अंतर १.२ मीटर असेल, तर मागचा आंस हा टेंकू होतो. अशा वेळीं ३०० किलोग्रॅमांच्या भारानें मागच्या आंसावर ४०० किलोग्रॅम वाढतात व पुढच्या आंसावरील १०० कमी होतात. पुढचीं चाकें हलकीं झालीं म्हणजे गाडी वळवितांना त्यांची रस्त्यावर हवी तशी पकड राहत नाहीं, आणि रात्रीं दिव्यांचा झोत वर जातो. म्हणून एकंदर बेरीज मर्यादेंत असली, तरी प्रत्येक आंसाचा हिशेब निराळा पाहावा लागतो.

मग कंपनीचा आंकडा खोटा कीं काय? तसें नव्हे. पूर्वीं प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीनें हा आंकडा ठरवी. २००८ सालीं तेथील मोटार-अभियंत्यांच्या 'एसएई' ह्या संस्थेनें 'जे २८०७' नांवाची सामाइक कसोटी प्रसिद्ध केली. तींत ॲरिझोना राज्यांतील डेव्हिस धरणाजवळचा सुमारें १८ किलोमीटरांचा चढ, उन्हाळ्याच्या उष्णतेंत, गाडीचें थंड हवेचें यंत्र चालू ठेवून, ठराविक वेगाखालीं न येतां चढावा लागतो. परंतु ह्या कसोटींत गाडींत माणसें दोनच, तींही प्रत्येकीं १५० पौंडांचीं, म्हणजे ६८ किलोग्रॅमांचीं, धरिलेलीं असतात. आणि दांडीचा भार शेंकडा १०. वरील गाडीस हा हिशेब लावून पाहा: माणसें १३६, लोखंडी साहित्य ३५ आणि दांडी ५००, मिळून ६७१, म्हणजे ८०० च्या आंतच. आंकडा खरा आहे. परंतु तो पांच माणसांच्या कुटुंबाचा नव्हे.

खात्री करून घेण्याचा मार्ग सोपा आहे. सर्व सामान भरून, माणसें बसवून गाडी वजनकांट्यावर न्यावी. अमेरिकेंत हमरस्त्यांवरील ट्रकांच्या थांब्यांवर असे कांटे असतात व प्रत्येक आंसावरचें वजन निरनिराळें मिळूं शकतें. वजन अधिक भरलें, तर सामान उतरवावें. ट्रेलरांतील ओझें मागें सरकवून दांडी फाजील हलकी करूं नये. कोणी जाड स्प्रिंगा बसवितात. त्यामुळें गाडीचें दबलेलें अंग उचललेलें दिसतें. परंतु कंपनीनें ठरविलेली मर्यादा वाढत नाहीं.

आपल्या देशांतही मालवाहू गाडीच्या नोंदणीपत्रांत रिकाम्या व भरलेल्या गाडीचीं वजनें नमूद असतात. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें मर्यादेबाहेर ओझें नेल्यास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागें आणखी २,००० रुपये दंड ठरविला आहे. ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल, त्या विद्यार्थ्यांनीं वडिलांकडून तें पत्र मागून घ्यावें आणि ही वजाबाकी त्यांच्यासमोर करून दाखवावी. अनेक मर्यादांपैकीं जी सर्वांत आधीं संपते, तीच गाडीची खरी मर्यादा होय. आणि ती गाडी हलण्यापूर्वीं कागदावर काढतां येते.