मोटारसायकलचा पुढचा चिमटा

सायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही अंगांनीं धरून ठेवणारा जो भाग, त्याला आपण चिमटा म्हणतों. मोटारसायकललाहि असाच चिमटा असतो. कारागीर त्याला फोर्क म्हणतात. फरक एवढाच कीं, सायकलचा चिमटा ताठ असतो, आणि मोटारसायकलचा आखडतो व लांबतो. या आखडण्या-लांबण्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. क्रूझर जातीच्या जड, लांब व ऐसपैस बैठकीच्या गाड्या आतां शहरांतील पुष्कळ घरांसमोर उभ्या दिसतात, आणि कांहीं वर्षांनीं त्या घरांत एक वाद निघतो : गाडी पुढून आपटते, तेव्हां नवा भारी फोर्क घ्यावयाचा, कीं आहे तोच दुरुस्त करावयाचा ?

फोर्क हा बसणाऱ्याच्या सुखासाठीं असतो, असा आपला समज आहे. तो अर्धाच खरा आहे. फोर्कचें पहिलें काम चाक जमिनीला टेंकून ठेवणें हें होय. गाडी वळते ती चाकाच्या पकडीवर, आणि थांबते तीहि त्याच पकडीवर. खड्ड्याच्या काठावर आपटून पुढचें चाक क्षणभर जरी हवेंत उडालें, तरी तेवढ्या क्षणापुरते त्याचा ब्रेक व हँडल दोन्ही निरुपयोगी होतात.

फोर्कच्या प्रत्येक पायांत एक नळी दुसऱ्या नळींत सरकते. वरची क्रोमचा मुलामा दिलेली व गुळगुळीत असते; खालची जाड असून चाकाच्या आंसाला जोडलेली असते. आंत एक लांब स्प्रिंग आणि थोडें तेल. स्प्रिंग वजन तोलते. पण घेतलेली शक्ति ती तशीच परत करते. तिच्या एकटीच्या स्वाधीन गाडी केली, तर ती झोंपाळ्यासारखी वरखालीं होत राहील. ती शक्ति जिरविण्याचें काम तेल करतें. चाक हाललें कीं तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातें आणि धक्का उष्णतेच्या रूपानें नाहींसा होतो. असा तेलाचा फोर्क १९३५ सालीं जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कारखान्यानें आपल्या आर १२ या गाडीला बसविला. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसननें तो १९४९ सालीं आपल्या मोठ्या गाडीला दिला, आणि त्यावरून तिचें नांवच हायड्रा-ग्लाइड पडलें. आजच्या बहुतेक क्रूझर गाड्यांचे फोर्क याच वंशांतले आहेत.

क्रूझरच्या फोर्कवर दुहेरी ताण असतो. पहिला वजनाचा. २०२० सालीं निघालेली रॉयल एन्फील्डची मीटिऑर ३५० घ्या. तिचें वजन १९१ किलो, फोर्कची नळी ४१ मिलिमीटर जाडीची, आणि चाकाला वरखालीं सरकण्यास जागा अवघी १३० मिलिमीटर. ब्रेक दाबतांच भार पुढें येतो आणि यांतली बरीच जागा खर्च होते. त्याच वेळीं खड्डा आला तर उरलेल्या जागेवरच सारी भिस्त. दुसरा ताण कलाचा. अमेरिकन धाटणीच्या क्रूझरचा फोर्क सुमारें ३० अंशांनीं कललेला असतो. त्यामुळें गाडी सरळ रस्त्यावर स्थिर चालते. पण धक्का नळीच्या दिशेनें न बसतां कांहींसा आडवा बसतो, आणि नळ्यांमधले बुश घासून झिजतात.

फोर्क एका दिवसांत बिघडत नाहीं. धातूची भुकटी मिसळून तेल काळवंडतें व आपला गुण गमावतें. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेनें क्रोमवर गंजाचे ठिपके पडतात, आणि ते रबरी सीलचा कांठ फाडतात. मग तेल पाझरून खालीं येतें व ब्रेकच्या चकतीवर पसरतें. येथें प्रश्न सुखाचा उरत नाहीं, जिवाचा होतो.

अशा वेळीं पुष्कळ जण जाड तेल भरून मोकळे होतात. ही समजूत चुकीची आहे. साध्या छिद्रांतून तेल दुप्पट वेगानें ढकलावयाचें, तर विरोध सुमारें चौपट होतो. म्हणून असा फोर्क मंद हालचालीला मऊ व अवचित धक्क्याला कठीण असतो. तेल जाड केल्यानें ब्रेक लावतांना गाडी जरा हळू झुकेल. पण खड्ड्याचा दणका थेट मनगटांत येईल. जास्त तेल भरणें तर त्याहून वाईट. आंतल्या हवेची जागा कमी होऊन दाब वाढतो आणि नवें सीलहि फुटतें.

खरी दुरुस्ती शांतपणें करावी लागते. गाडीचें पुढचें चाक भक्कम टेकूवर उचलावें. फोर्कच्या टोपणाखालीं स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून टोपण काढतांना तोंड त्यावर आणूं नये. नळी सपाट कांचेवर लोळवून वांक पाहावा. बुश व सील नवे घालावेत, आणि सील चढवितांना नळीच्या धारदार कांठावर तेल लावलेला पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा. कारखान्याच्या पुस्तकांत सांगितलेलेंच तेल भरून त्याची पातळी दोन्ही पायांत सारखी ठेवावी. पातळी कोठून व कशी मोजावयाची, हेंहि त्याच पुस्तकांत पाहावें. चाक बसविल्यावर आंसाची पकड आवळण्यापूर्वीं फोर्क दोन-चार वेळां दाबावा, म्हणजे दोन्ही पाय आपोआप समांतर येतात. ब्रेकचे पॅड तेलानें भिजले असतील, तर ते पुसून न वापरतां बदलावेत.

एवढें झाल्यावर सुधारणेचा विचार करावा. स्वार बसल्यावर फोर्क आपल्या एकूण जागेच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका खचावा. १३० मिलिमीटरच्या फोर्कांत हें माप ३२ ते ४३ मिलिमीटर येतें. त्याहून अधिक खचत असेल, तर स्वाराच्या वजनाजोगी स्प्रिंग घालावी. मोठ्या धक्क्याला दाबानें उघडणारी झडप जुन्या धर्तीच्या पुष्कळ फोर्कांत बसवितां येते, आणि मघाशीं सांगितलेला दोष तिनें बराच निवारतो. संपूर्ण नवा फोर्क घेण्याची पाळी, नळ्या वांकल्या किंवा खड्डे पडून निकामी झाल्या, तरच येते.

तेव्हां श्रोते हो, घरांतला वाद मिटविण्यापूर्वीं उद्यां सकाळीं दोन गोष्टी कराव्यात. पुढचा ब्रेक धरून हँडल खालीं दाबावें व सोडावें. गाडी एकदां वर येऊन स्थिर झाली पाहिजे, डोलत राहतां कामा नये. आणि त्या चकचकीत नळ्यांवरून, सीलच्या अगदीं वर, एक स्वच्छ बोट फिरवावें. बोटाला तेल लागलें, तर त्या दिवशीं गाडी दारांतच राहूं द्यावी.