बार्शी लाइटची धाकटी बहीण

इंग्लंडच्या मध्यभागी, स्टॅफर्डशर परगण्यात वॉटरहाउसेस आणि ह्यूम एंड या दोन खेड्यांना जोडणारी सुमारे १३ किलोमीटर लांबीची एक अरुंद डांबरी वाट आहे. तिचे नाव मॅनिफोल्ड वे. पायी जाणारे, सायकलवाले आणि क्वचित घोडेस्वार यांच्यासाठी ती राखलेली आहे; मधला एक छोटा तुकडा सोडला तर तिच्यावर मोटारींना मज्जाव आहे. १९०४ ते १९३४ या काळात याच पट्ट्यावरून दोन रुळांत अडीच फुटांचे अंतर असलेली छोटी रेल्वे धावत होती. ती बंद पडल्यावर रूळ उखडले गेले आणि १९३७ मध्ये तिथे लोकांसाठी वाट खुली झाली. बंद रेल्वेमार्गाची पायवाट करण्याचे ब्रिटनमधले हे अगदी सुरुवातीचे उदाहरण. मराठी वाचकाला त्यात रस वाटावा असे आणखी एक कारण आहे. या रेल्वेचा नमुना सोलापूर जिल्ह्यातून इंग्लंडात गेला होता.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) हे इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा जीआयपीचा लोहमार्ग बार्शीला बगल देऊन गेला होता. बार्शीची पेठ कापसाची आणि गळिताच्या धान्याची. तिथला माल बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत न्यावा लागे. ही उणीव भरून काढायला कमी खर्चाची छोटी रेल्वे पुरेल, हे कॅलथ्रॉप यांनी हेरले. बरीच वर्षे खटपट करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. पुढे ही लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. मिरज ते लातूर हा सव्वातीनशे किलोमीटरांचा पसारा ‘बार्शी लाइट’ याच नावाने ओळखला जाई.

कॅलथ्रॉप यांचे खरे कसब हिशेबात होते. इंजिन असो, मालडबा असो वा प्रवासी डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, हा त्यांचा नियम. वजन सगळ्या आसांवर सारखे वाटले की हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. रूळ हलके म्हणून पूल हलके, आणि वळणे तीव्र घेता येतात म्हणून डोंगर फोडण्याचा खर्चही कमी. हे डबे आणि इंजिन जहाजावर चढवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून त्यांची चाचणी घेण्यात आली होती. त्या काळी इंग्लंडातही आडबाजूच्या गावांना रेल्वे कशी परवडावी हा प्रश्न होताच. १८९६ मध्ये ब्रिटिश संसदेने हलक्या रेल्वेसाठी स्वतंत्र कायदा करून नियम सैल केले. लीक या गावातल्या मंडळींनी मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात अशी रेल्वे टाकायचे ठरवले तेव्हा इंजिनिअर म्हणून कॅलथ्रॉप यांनाच बोलावले गेले.

२७ जून १९०४ रोजी उद्घाटन झाले. फिकट पिवळ्या रंगाचे डबे, दोन्ही टोकांना उघडे व्हरांडे, इंजिनाच्या तोंडाशी भला मोठा दिवा, असा सगळा थाट उष्ण प्रदेशातल्या गाडीचा होता. स्टॅफर्डशरच्या पावसात त्या व्हरांड्यांवर कोण उभे राहणार होते, हा प्रश्नच आहे. दोनच इंजिने होती, दोन्ही लीड्सच्या किटसन कारखान्यात घडलेली; एकाला कॅलथ्रॉप यांचे नाव दिले होते आणि दुसऱ्याला जागेवरचे काम पाहणारे इंजिनिअर जे. बी. अर्ल यांचे. वॉटरहाउसेसला मोठ्या मापाची लाइन संपत असे. तिथे माल उतरवून पुन्हा भरायला नको म्हणून मोठ्या मापाचा आख्खा मालडबाच छोट्या रुळांवरच्या सपाट गाडीवर चढवून पुढे नेत.

या रेल्वेच्या संचालकांत सर टॉमस वॉर्डल होते. लीकमधला त्यांचा धंदा रेशीम रंगवण्याचा. आपल्याकडच्या टसरसारख्या रानटी रेशमाला रंग धरत नाही ही विणकरांची जुनी अडचण. ती सोडवण्यात वॉर्डल यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला आणि रेशमाच्या अभ्यासासाठी १८८५-८६ मध्ये ते हिंदुस्थानात येऊन गेले. मॅनिफोल्डच्या काठी स्वेन्सली हॉल ही त्यांची हवेली होती. तिच्यासमोर आली की रेल्वे सुमारे १५० मीटरांच्या बोगद्यात शिरत असे. हवेलीतून गाडी दिसू नये म्हणून हा बोगदा खणला, असे सांगितले जाते. सांगणाऱ्यांचा रोख सहज कळतो: रेल्वे हवी, पण आपल्या खिडकीसमोर नको.

धंदा म्हणून ही रेल्वे कधी फळली नाही, आणि त्याचे कारण नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. लाइन नदीच्या पात्राला चिकटून खोऱ्याच्या तळाने गेली. गावे मात्र वर, डोंगराच्या माथ्यावर. ग्रिंडन, बटरटन, वेटन या नावांची स्टेशने होती, पण त्या नावांच्या गावांतल्या माणसाला गाडी गाठायची तर खडी चढण उतरून यावे लागे आणि परतताना तीच चढण सामानासह चढावी लागे. एकट्या दुधाने या रेल्वेला तगवले. एक्टन येथे दूध डेअरी होती आणि तिथून रोज लंडनकडे दूध जाई. सुटीच्या दिवशी सहलीला येणाऱ्यांची झुंबड उडे, पण वर्षातले असे दिवस किती? दूध लॉऱ्यांनी जाऊ लागले, १९३२ मध्ये डेअरी बंद झाली आणि १९३४ च्या मार्चमध्ये गाडीही थांबली. तोवर रेल्वेची मालकी लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश या बड्या कंपनीकडे गेली होती. या कंपनीने रुळांखालची सगळी जमीन स्टॅफर्डशरच्या परगणा कौन्सिलला देऊन टाकली.

रेल्वेला जे भोवले तेच वाटेला फळले. खोऱ्याच्या तळाने, गावांपासून लांब, नदीशेजारून जाणारी लाइन प्रवासी मिळवू शकली नाही. पण फिरायला येणाऱ्याला हवे असते ते नेमके हेच. शिवाय रेल्वेने मागे ठेवलेला चढ हा मोठाच वारसा आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फार थोड्या घर्षणाने फिरते. त्यामुळे सपाटीवर प्रचंड ओझे ओढता येते. पण तेच चाक चढावर घसरू लागते. मुख्य लोहमार्गांवर शंभर फुटांत एक फूट एवढा चढही इंजिनाला जाणवतो. बोरघाटात तो सदतिसास एक आहे, म्हणून कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिने जोडावी लागतात. चढ टाळण्यासाठी रेल्वे बांधणारे टेकडी खोदतात, घळीत भराव घालतात, नदीवर पुलामागून पूल टाकतात. कोणत्याही काळी सायकलसाठी म्हणून कोणी एवढा खर्च केला नसता. मॅनिफोल्ड वे वॉटरहाउसेसपासून हॅम्प्स नदीच्या काठाने हळूहळू उतरते आणि दोन नद्यांच्या संगमानंतर मॅनिफोल्डच्या काठाने तितक्याच हळूहळू चढते. लहान मुले, वयस्क माणसे आणि चाकाच्या खुर्चीवरचे लोकही तिच्यावरून जाऊ शकतात. पीक डिस्ट्रिक्टच्या या डोंगराळ मुलखात असे दुसरे रस्ते फारसे नाहीत.

वॉटरहाउसेसला सायकली भाड्याने मिळतात. तिथून निघाल्यावर पहिला टप्पा हॅम्प्सच्या अरुंद, झाडीच्या खोऱ्यातला. वाट नदीला पुन्हा पुन्हा ओलांडत राहते; उन्हाळ्यात मात्र पुलाखाली पाणी नसते. हा सगळा प्रदेश चुनखडीचा आहे. पावसाचे किंचित आम्ल पाणी चुनखडीला विरघळवत जाते आणि दगडात भेगा, विवरे, भुयारे तयार होतात. कोरड्या ऋतूत हॅम्प्स वॉटरहाउसेसजवळ आणि मॅनिफोल्ड वेटन मिलजवळ जमिनीत शिरते. पाणी पुन्हा वर येते ते खाली इलम गावात. मधल्या पात्रात गोटे आणि रुंद पानांची झुडपे उरतात. नदीकाठची वाट म्हणून आलेला माणूस जुलैत बुचकळ्यात पडतो.

संगमाजवळ बीस्टन टॉर हा उभा पांढुरका कडा आहे. त्याच्या पायथ्याच्या गुहेत १९२४ मध्ये नवव्या शतकातली नाणी आणि चांदीच्या दोन पिना सापडल्या. त्या आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे डाव्या-उजव्या हाताला गवताळ उतार सुरू होतात आणि मग समोरच्या कड्यात, खोऱ्यापासून सुमारे ८० मीटर उंचीवर, थॉर्स केव्ह या गुहेची कमान दिसते. ती सुमारे १० मीटर उंच आहे. एकोणिसाव्या शतकात इथे उत्खनन झाले आणि अश्मयुगापासून रोमन काळापर्यंतच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. गाडी होती तेव्हा खाली या गुहेच्या नावाचे स्टेशन होते. आज सायकल खाली ठेवून पायऱ्यांनी चढावे लागते. तोंडाशी असलेला दगड हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला आहे आणि पावसात तिथे पाय ठरत नाही; कमानीत बसून फोटो काढणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

वेटन मिलला पूर्वी पिठाची गिरणी होती. आता चहा मिळतो. याच भागापासून स्वेन्सलीच्या बोगद्यापर्यंतच्या पट्ट्यावर मोटारींना परवानगी आहे. बोगदा अरुंद आहे, समोरून गाडी आली तर थांबण्यावाचून गत्यंतर नसते, आणि बाहेरच्या उन्हातून आत शिरलेल्या डोळ्यांना काही क्षण काही दिसत नाही. सायकलला दिवा हवाच. सगळ्या वाटेत जपून जावे असे ठिकाण हे एकच. मोटारींची ही सवलत काढून घेतली तर वाटेचे काहीच बिघडणार नाही.

बोगद्यानंतर एक्टनची टेकडी. इथल्या तांब्याच्या खाणी कांस्ययुगापासूनच्या. अठराव्या शतकात त्यांनी ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या घराण्याला गडगंज नफा दिला. मात्र रेल्वे आली तोवर खाणी बंद पडल्या होत्या. तांबे वाहून नेण्याची वेळ टळून गेली आणि वाट्याला आले दूध. ह्यूम एंडला जुने तिकीटघर अजून उभे आहे आणि इंजिनशेडच्या जागी उपाहारगृह आहे.

१९३७ ची ही वाट जमली ती एका साध्या गोष्टीमुळे: सगळा पट्टा सलग आणि एकाच सार्वजनिक संस्थेच्या हाती आला. रेल्वेची जमीन लांबच लांब आणि चिंचोळी असते. मधला अर्धा किलोमीटर कुणी शेताला जोडला किंवा एखादा पूल भंगारात काढला की बाकीचे सगळे निकामी होते. पुढे ब्रिटनमध्ये नेमके हेच घडले. रेल्वेचा तोटा आवरण्यासाठी डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी मार्च १९६३ मध्ये दिलेल्या अहवालात २,३६३ स्टेशने आणि सुमारे ८,००० किलोमीटरांचे मार्ग बंद करण्याची शिफारस होती. बंद झालेल्या कित्येक लाइनींची जमीन तुकड्या-तुकड्याने विकली गेली आणि त्यांच्यावर घरे, शेड, रस्ते उठले. जिथे एखाद्या संस्थेने वेळीच सलग पट्टा घेतला तिथेच वाट झाली. शेजारच्याच डर्बिशरमध्ये पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळाने अ‍ॅशबोर्नहून बक्स्टनकडे जाणारी लाइन घेतली आणि १९७१ मध्ये टिसिंग्टन ट्रेल खुली केली. बेकवेलजवळची मॉन्सल ट्रेल १९८१ ची, पण तिच्यावरचे बोगदे बंदच होते. चालणाऱ्यांना डोंगराला वळसा घालावा लागे. दुरुस्ती, दिवे आणि पाण्याचा निचरा यांची व्यवस्था होऊन ते उघडले २०११ मध्ये. बोगदे आणि पूल ही अशा वाटांची शोभा असते आणि खर्चाचे मुख्य कलमही तेच.

बार्शी लाइटचे पुढे वेगळे झाले. १९५४ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. तिच्यावरची वाहतूक आटली नाही, पंढरपूरच्या यात्रेची गर्दी तर ओसंडतच राहिली, म्हणून २००० नंतरच्या दहाएक वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे रूळ रुंद करण्यात आले. लातूरकडे जाणारा नवा मार्ग वळवून, जुन्या लाइनीने वगळलेल्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, नेला गेला. मोठी बहीण अशी अजून रेल्वेच आहे.

धाकटीच्या वाटेवर ह्यूम एंडला पोचलेल्या सायकलवाल्यापुढे दोन पर्याय असतात. आल्या वाटेने परत जाणे हा एक, आणि बहुतेक जण तोच घेतात. दुसरा पर्याय तीनेक किलोमीटरांवरच्या हार्टिंग्टन गावातून पुढे चढून टिसिंग्टन ट्रेल गाठण्याचा. तिने दक्षिणेकडे अ‍ॅशबोर्नला उतरता येते. दोन जुन्या रेल्वेमार्गांना जोडणारा हा मधला तुकडा साधा गावरस्ता आहे, त्यावर मोटारी आहेत आणि चढही आहेत.