आधी काय, हे ठरवतं कोण?

शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव गेल्या दशकात महाराष्ट्रभर झालं ते तिथल्या टॅबमुळे. संदीप गुंड या शिक्षकाने पाड्यावरची ही शाळा ‘डिजिटल’ केली, आणि मग कितीतरी गावांनी लोकवर्गणी काढून तीच वाट धरली. त्या काळात शाळांच्या ऐपतीत बसणारा टॅब म्हणजे बहुतेक वेळा अँड्रॉइडचा. तो किती चपळ चालेल, त्यात किती धडे मावतील, याचा बराचसा निकाल मात्र आधीच लागलेला असे: टॅबच्या पोटातल्या, कुणाला न दिसणाऱ्या एका आभासी यंत्रात.

आभासी यंत्र म्हणजे यंत्रातलं यंत्र, तेही निव्वळ सॉफ्टवेअरचं. ॲप लिहिणारा या कल्पित यंत्रासाठी लिहितो. खालची चिप कुठलीही असो, सांभाळून घेणं यंत्राचं काम. अँड्रॉइडमधल्या अशा पहिल्या यंत्राचं नाव डाल्व्हिक. ते लिहिणाऱ्या डॅन बॉर्नस्टाइनने आइसलंडमधल्या एका मासेमारी गावाचं नाव त्याला दिलं.

२००८ मध्ये त्याने मांडलेला हिशेब गरिबाघरचा होता. फोनची मेमरी ६४ मेगाबाइट धरायची. सगळ्या सेवा सुरू झाल्या की ॲप्सच्या वाट्याला उरणार जेमतेम २०. म्हणून पहिला मान काटकसरीला. वेग वाढवणारा ‘जेआयटी’, म्हणजे ॲप चालता चालता त्याचा चिपच्या भाषेत अनुवाद करणारा भाग, थेट २०१० च्या २.२ आवृत्तीत आला.

मग फोन दांडगे झाले आणि क्रम उलटला. २०१४ च्या ५.० आवृत्तीत डाल्व्हिक गेलं, ‘आर्ट’ आलं. ते ॲप बसवतानाच सगळा अनुवाद उरकून टाकी. ॲप झटकन उघडू लागलं, पण बसवायला वेळ लागे आणि साठवणीची जागाही जास्त जाई. मोठ्या अपडेटनंतर ‘ॲप ऑप्टिमाइझ होत आहे’ म्हणत ताटकळत ठेवणारा पडदा अनेकांना आठवत असेल. दुखणं २०१६ च्या ७.० मध्ये निस्तरलं: जेआयटी परतला, आणि ॲपचा वारंवार लागणारा भागच तेवढा आगाऊ अनुवादित होऊ लागला. तोही कधी? उपकरण रिकामं आणि चार्जिंगला असताना.

ही अट घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रात्रभर चार्जरला लावलेला फोन असणार. भारनियमनातल्या पाड्यावर तो वीज मिळेल तसा चार्ज होतो, अनेकदा हातात धरूनच.

बरं, हे सगळं मुक्तस्रोत आहे. अपाचे परवान्याखाली कोड कुणीही वाचावा, बदलावा. दुरुस्ती पाठवायलाही बंदी नाही. पण ती घ्यायची की नाही आणि आधी काय हाती घ्यायचं, हे गूगल ठरवतं. २०२५ पासून तर विकासाचं काम कंपनीच्या आतच चालतं, कोड बाहेर येतो तो नंतर. शहापूरकरांना हे नवं वाटायचं कारण नाही. भातसा, तानसा, वैतरणेवरच्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो: धरण उशाला, कोरड घशाला.

तरी क्रम हलतो. गिऱ्हाईक मोठं असलं की लवकर हलतो. २०१३ च्या ४.४ आवृत्तीत ५१२ मेगाबाइटच्या फोनसाठी खास कात्री चालवली गेली. एक जीबी किंवा त्याहून कमी मेमरीच्या फोनांसाठीची ‘गो’ आवृत्ती डिसेंबर २०१७ मध्ये सादर झाली ती दिल्लीत, आणि हा काही योगायोग नव्हे. २०२१ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून आर्टच्या सुधारणा गूगल प्लेमार्फत परस्पर येऊ शकतात, फोन बनवणाऱ्या कंपनीची वाट न बघता. मुरबाडच्या बाजारात वापरलेला फोन घेणाऱ्याने कॅमेरा तपासण्याआधी सेटिंगमध्ये अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आकडा पाहावा. १२ च्या खालच्या फोनांना ही सोय नाही, आणि त्यांच्यासाठी कंपन्यांचे अपडेट बहुधा कधीच थांबलेले असतात.