टाकलेले एक्के

ताईंनी हातातली दोन पानं पालथीच ठेवली, दोन बोटांनी डीलरकडे सरकवली आणि पाण्याची बाटली उघडली. समोरच्या गृहस्थांनी चिप्सची रास स्वतःकडे ओढून घेतली. त्यांच्याकडे काय होतं ते त्यांनी दाखवलं नाही, दाखवायचं बंधनही नव्हतं. डीलरने सगळी पानं गोळा केली, पिसली आणि पुढचा डाव वाटला. ताईंनी टाकली ती एक्क्यांची जोडी होती, हे मला तासाभराने जेवताना कळलं.

मांडवीच्या पात्रात नांगरून ठेवलेल्या कॅसिनोच्या जहाजांपैकी एकावरची ही पोकरची खोली. मी तिथे गेले ती ताईंच्याच एका वाक्यामुळे. मूळच्या त्या सांगलीच्या. बरीच वर्षं बँकेत नोकरी केली, आता गोव्यात पर्वरीला राहून पोकर खेळतात आणि शिकवतात. टेबलावरची मुलं त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. आमच्या एका समाईक मैत्रिणीकडे त्या सहज म्हणाल्या होत्या, "बँकेत होते तेव्हा माझं काम दिसायचं. इथे माझं सगळ्यात चांगलं काम कुणालाच दिसत नाही. कधी कधी मलासुद्धा नाही." असं काम कसलं आणि ते शिकवतात तरी कसं, हे मला पाहायचं होतं.

खेळाचे नियम एका दमात सांगता येतात. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, मध्ये पाच उघडी पडतात (आधी तीन, मग एक, मग शेवटचं), प्रत्येक टप्प्यावर पैसे लागतात आणि सातांतली पाच उत्तम पानं ज्याची, त्याचा डाव. हाती पडणाऱ्या दोन पानांत सर्वांत मोठी एक्क्यांची जोडी. ती सरासरीने २२१ डावांत एकदा येते. आणि माणूस पत्ते पिसून वाटत असेल तर तासाला साधारण तीस डाव होतात.

"करा हिशोब," ताई म्हणाल्या. "सात तास. सात तास बसल्यावर एकदा येतात. आणि मी पोरांना सांगते, टाका."

हे सात तास माझ्या डोक्यातून गेले नाहीत. ताईंकडे शिकायला येणारी मुलं पूर्वी घरी बसून ऑनलाइन खेळायची. चार-चार टेबलं एकदम उघडली की तासाला अडीचशे-तीनशे डाव व्हायचे, म्हणजे एक्के तासाला एकदा दिसायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि यातली बरीच मुलं गोव्याच्या टेबलावर आली. इथले पत्ते तेच, गणितही तेच. पण तासात येणारी गोष्ट आता सात तासांनी येते, आणि सात तासांनी आलेली गोष्ट हातातून सुटत नाही. "पोरगं एक्क्यांचे पैसे लावत नाही, वाट पाहिल्याचे लावतं," ताईंचं निदान एवढंच.

शिकवणी दुपारी, पर्वरीच्या फ्लॅटमध्ये. प्लास्टिकच्या चिप्स, पैसे अजिबात नाहीत. जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर अंथरलेली, स्वयंपाकघरातून सोलकढीच्या लसणाचा वास. तीन मुलं होती. त्यातला पुण्याचा मुलगा सर्वांत हुशार आणि ताईंच्या मते सर्वांत धोक्यात. त्याला आकडे तोंडपाठ होते, म्हणूनच.

ताईंनी आदल्या रात्रीचा तोच डाव मांडला. हातात इस्पिकचा आणि बदामचा एक्का. मध्ये किलवरची नव्वी, किलवरची अठ्ठी, चौकटची चौकी. मग बदामची सत्ती. शेवटी इस्पिकची दुर्री. पॉटमध्ये दहा हजार जमलेले, त्यातले जवळपास निम्मे आपलेच. समोर साठीचे एक गृहस्थ. संध्याकाळपासून मोजके डाव खेळलेले, पहिल्या दोन्ही टप्प्यांवर मुकाट पैसे भरत आलेले. शेवटचं पान पडल्यावर तेच दहा हजार पुढे सरकवतात.

"बोल," ताई म्हणाल्या.

पुण्याचा मुलगा लगेच सुरू झाला. "वीस हजार जिंकायला दहा भरायचे. म्हणजे तीनांत एकदा मी पुढे असलो तरी बरोबरी होते. ताई, एक्के आहेत. तीनांत एकदा तर असणारच."

"असणारच म्हणजे कुठली पानं? नावं सांग. आधी आपल्याला हरवणारी मोजू."

मग मोजणी सुरू झाली, आणि इथेच मला हे काम पहिल्यांदा काम म्हणून दिसलं. नव्वीची जोडी हातात असेल तर मध्ये एक धरून तीन नव्व्या होतात. उरलेल्या तीन नव्व्यांतून अशा जोड्या तीन. अठ्ठीच्या तीन, सत्तीच्या तीन, चौकीच्या तीन. झाल्या बारा. एकाच रंगाचे गुलाम-दश्शी असतील तर सातपासून गुलामापर्यंत ओळ लागते. ते चार प्रकारे. झाले सोळा. नव्वी-अठ्ठी, पंजी-छक्की ताईंनी मुद्दाम बाजूला ठेवल्या, मुलाच्या बाजूने सूट म्हणून.

"सोळा हरवणारी. आता तीनांत एकदा जिंकायचं तर तुला आठ हवीत. आपल्याला हरलेली, तरीही त्यांनी दहा हजार लावावेत अशी आठ. दाखव."

मुलगा म्हणाला, राजाची जोडी. ताई म्हणाल्या, राजे असते तर त्यांनी सुरुवातीलाच चढवलं असतं, संध्याकाळी दोनदा तसं केलंय. मुलगा म्हणाला, किलवरचा रंग (पाचही पानं किलवरची) लागता लागता राहिला असेल, तर आता थाप मारत असतील. ही शक्यता खरी होती आणि संख्येनेही छोटी नव्हती. ताई थांबल्या. मग विचारलं, "त्यांचा रंग संध्याकाळी दोनदा हुकला. काय केलं त्यांनी?"

"पानं टाकली," मुलगा म्हणाला.

"मग?"

तो बराच वेळ त्या पानांकडे बघत राहिला. आठ काही जमेनात. तरी त्याच्या तोंडून निघालं, "पण ताई, एक्के होते."

त्याच्या या वाक्यात मला हट्ट दिसला नाही, दुःख दिसलं. गणित त्याला पटलं होतं. पण हातात आलेली सर्वांत चांगली गोष्ट आता चांगली उरलेली नाही, हे दुसऱ्याच्या वागण्यावरून ओळखायचं, आणि तेही दुसऱ्याची पानं न बघता! यासाठी लागणारी शिस्त बुद्धीपेक्षा वेगळ्या जागी तयार होते. पॉटमधले पाच हजार आपले होते, पण टाकले त्या क्षणी ते आपले राहिले नाहीत, हेही ताई रोज सांगतात आणि मुलं रोज विसरतात.

हे बघताना मला एक यंत्र आठवलं. सन २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत लिब्रेटस नावाच्या संगणकाने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत मिळून हरवलं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी तो प्रोग्राम बनवला होता. त्यावर खूप लिहिलं गेलं, बहुतेक त्याच्या गणनशक्तीवर. मला मात्र ताईंच्या फ्लॅटमध्ये बसून वाटलं, त्या यंत्राला सात तास नव्हते. प्रत्येक एक्का त्याच्यासाठी त्याच क्षणी जन्मलेला होता. पुण्याच्या मुलाला हे सुख नाही.

पण टाकायला शिकणं म्हणजे भित्रेपणा शिकणं नव्हे, यावर ताई फार कडक आहेत. त्याच दुपारी त्यांनी तोच डाव पुन्हा मांडला. पानं तीच, पैसे तेच. फक्त समोर साठीच्या गृहस्थांऐवजी चोविशीचा एक मुलगा बसवला, हरेक डावात घुसणारा, रंग हुकला की हमखास थाप मारणारा. तिघांतल्या हुबळीच्या मुलीने एक्के टाकले. ताई तिच्यावर पहिल्यांदाच चिडलेल्या मी पाहिल्या. "काल टाकले म्हणून आज टाकतेस? इथे भर. डोळे मिटून भर."

टाकायची सवय लागली की माणसाला प्रत्येक मोठ्या रकमेमागे भूत दिसू लागतं. हा दुसरा आजार, आणि ताईंच्या मते पहिल्यापेक्षा लपून राहणारा. त्याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २००३ सालचं, लास व्हेगासच्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या अंतिम लढतीतलं. सॅम फार्हा हा मुरलेला खेळाडू. त्याच्याकडे नव्वीची जोडी होती आणि ती जिंकणारी होती. समोर ख्रिस मनीमेकर, पेशाने अकाउंटंट, हाती काहीच न लागलेला. मनीमेकरने सगळ्या चिप्स लावल्या. फार्हाने पुष्कळ विचार केला आणि पानं टाकली. मनीमेकर पुढे २५ लाख डॉलर जिंकला. फार्हाची चूक जगाला कळली ती टेबलात बसवलेल्या कॅमेऱ्यामुळे, पालथी पानं टीव्हीवर दिसत होती म्हणून. मांडवीतल्या त्या खोलीत असं काही कळत नाही. पानं गड्डीत मिसळली की संपलं. ताईंनी टाकलेले एक्के बरोबर टाकले की चूक, हे त्यांना आयुष्यात कळणार नाही.

मी जेवताना विचारलंच, त्या काकांना नंतर विचारत का नाही? "ते खरं कशाला सांगतील? आणि खरं सांगितलं तरी माझ्या काय कामाचं? सोळांपैकी एक निघालं म्हणून मी शहाणी नाही, थाप निघाली म्हणून मूर्ख नाही."

म्हणून ताईंची वही. दोनशे पानी, रेघांची, किराणा दुकानात मिळते तशी. प्रत्येक टाकलेल्या मोठ्या डावाची नोंद रात्रीच करायची: मी कुठे बसले होते, समोरचं माणूस कोण, त्याने आधी काय केलं, मी का टाकले. शेवटचा रकाना निकालाचा असायला हवा असं वाटतं, तो तिथे नाहीच. समोरच्याने पानं दाखवली असली तरी लिहायची नाहीत. आठवड्याने ती नोंद दुसऱ्याला वाचायला द्यायची आणि त्याने फक्त कारण तपासायचं. मुलांच्या वह्याही अशाच. पुण्याच्या मुलाच्या वहीत एका नोंदीखाली मोठ्या अक्षरात "सात तास" लिहून त्याने ते खोडलेलं मी पाहिलं.

या वहीबद्दल मला मनापासून आदर वाटला. त्या खोलीबद्दल वाटला नाही. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९६ साली दुरुस्ती होऊन जहाजांवरच्या कॅसिनोंना वाट मिळाली. तिथे घड्याळ दिसत नाही, दारू मागावी लागत नाही, पहाटे तीनला गरम जेवण येतं. ताई दारूला शिवत नाहीत आणि ठरल्या वेळी उठतात, पण टेबलावरचे बाकीचे उठत नाहीत. आणि प्रत्येक पॉटमधून कॅसिनो आपला वाटा काढून घेतो. म्हणजे नऊ माणसं टेबलावर जेवढे पैसे घेऊन बसतात, तेवढे मिळून घेऊन ती कधीच उठत नाहीत. ताईंसारखे काही थोडे वर राहतात ते बाकीच्यांच्या न सुटणाऱ्या एक्क्यांवर. ताई हे लपवत नाहीत. मला ते पचलं नाही, आणि मी तसं त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "म्हणूनच शिकवते. निदान हे तिघं त्या बाकीच्यांत नकोत." उत्तर प्रामाणिक होतं. तरीही या विद्येला याच खोलीचं भाडं भरावं लागतं हे मला वाईट वाटतं.

कारण विद्या खरी आहे, आणि तिला पैशांची गरज नाही. कोकणात गणपतीच्या जागरणाला पत्त्यांचे डाव रंगतात. तिथे तीन पत्तीत कुणी पॅक केलं की चारही बाजूंनी "घाबरला, घाबरला" सुरू होतं, आणि पुढच्या वेळी तो पोरगा हरलेली पानं शेवटपर्यंत धरून बसतो. माझी विनंती आहे: यंदा पैशांऐवजी चिंचोके लावा, आणि एखाद्या मुलाने चांगली पानं टाकली तर त्याची पानं उलटून बघू नका. का टाकलीस, एवढंच विचारा आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.