गोल मांडलेल्या खुर्च्या

कोरी ब्रँडला चेंडू मारता येतो, बाकी त्याचं काहीच धड चाललेलं नाही. व्यावसायिक बेसबॉलमधला हा नावाजलेला फलंदाज पिऊन मैदानात उतरतो, भर सामन्यात त्याचा तोल जातो आणि त्याच्यामुळे संघासोबत असलेल्या एका लहान मुलाला लागतं. पुढे नशेत गाडी चालवताना अपघात होतो आणि सख्खा भाऊ मरता मरता वाचतो. खेळावर बंदी येते. त्याची एजंट त्याला ओक्लाहोमा राज्यातल्या ओकमल्गी या त्याच्या गावी पाठवते. तिथे आठ आठवडे राहायचं, गावातल्या पोरांच्या संघाला शिकवायचं आणि व्यसनमुक्तीच्या बैठकांना हजेरी लावायची, अशी अट असते. गावात अशी बैठक एकच, तीही ख्रिस्ती श्रद्धेवर उभी असलेली. डेव्हिड बॉइड यांनी दिग्दर्शित केलेला ‘होम रन’ हा चित्रपट इथून सुरू होतो. तो २०१३ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. स्कॉट एलरॉडनं त्यात कोरीची भूमिका केली आहे.

बेसबॉल न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. फलंदाजानं चेंडू कुंपणापार भिरकावला की तो निवांतपणे एकेक बेस ओलांडत चक्कर मारतो आणि जिथून निघाला तिथेच परततो. त्या जागेचं नावच ‘होम’. चित्रपटाच्या नावात म्हणून षटकारही आहे आणि घरी परतणंही. कोरीला मात्र नेमकं घरीच जायचं नसतं. लहानपणी त्याचा बाप पिऊन त्याच्यावर चेंडू फेकत असे. खेळ आणि भीती त्याला एकाच अंगणात मिळाली होती.

चित्रपटातल्या त्या बैठका काल्पनिक नाहीत. ‘सेलिब्रेट रिकव्हरी’ नावाचा हा कार्यक्रम अमेरिकेतल्या हजारो चर्चमध्ये चालतो. जॉन बेकर या माणसानं तो सुरू केला. बेकर स्वतः दारूच्या आहारी गेलेला होता आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या, म्हणजे आपल्याकडेही ‘एए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटाच्या मदतीनं सावरला होता. त्याची अडचण दुहेरी होती. एएच्या बैठकीत येशूचं नाव घेतलं की लोक थट्टा करत. चर्चमध्ये येशू होता, पण तिथे दारूबद्दल मोकळेपणी बोलायला जागा नव्हती. त्यानं कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चचे पास्टर रिक वॉरन यांना तेरा पानी पत्र लिहिलं. वॉरन यांनी त्याला सांगितलं, मग तूच हे काम कर. नोव्हेंबर १९९१ मध्ये पहिली बैठक भरली आणि त्रेचाळीस माणसं आली.

या कार्यक्रमाची आठ तत्त्वं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातून घेतलेली आहेत. त्यांच्या जोडीला एएच्या बारा पायऱ्या आहेत. फरक एवढाच, की एए ज्याला ‘उच्च शक्ती’ म्हणते आणि ज्याची त्याला समजेल तशी मानायला सांगते, तिचं नाव इथे स्पष्टपणे येशू आहे. दाराशी प्रश्नही फक्त दारूचा विचारला जात नाही. मनाच्या जखमा, सवयी आणि अडलेल्या गाठी, असं काहीही घेऊन माणूस येऊ शकतो. चित्रपटात कोरीला हीच गोष्ट उमगायला वेळ लागतो. आपण फक्त बाटली सोडायला आलो आहोत, असं त्याला वाटत असतं.

पण या साऱ्यातली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती, असं विचारलं तर उत्तर खुर्च्या असं द्यावं लागेल.

बैठकीनंतर पुरुषांचे वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे असे छोटे गट होतात. प्रत्येकाला तीन ते पाच मिनिटं मिळतात. आपलं स्वतःचं तेवढं बोलायचं. दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. कुणी रडला तरी त्याला दुरुस्त करायला धावायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. इथलं इथेच ठेवायचं. शिवीगाळ नाही. नियम वाचताना किरकोळ वाटतात. घरातल्या दारुड्याशी घरचे कसे बोलतात हे ज्यानं पाहिलं आहे, त्याला मात्र त्यांचं वजन कळेल. घरी उपदेश असतो, शपथा असतात, मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावणं असतं, आदळआपट असते. कुणी न टोकता पाच मिनिटं ऐकून घेतंय, हा अनुभव व्यसनी माणसाला कित्येक वर्षांत आलेला नसतो. आणि ऐकणारा स्वतः त्याच गर्तेतून आलेला असल्यानं त्याच्यापुढे थाप चालत नाही.

हे रहस्य सापडलं ते १९३५ च्या मे महिन्यात, ओहायोतल्या ॲक्रन शहरात. न्यूयॉर्कचा शेअर व्यवहारातला बिल विल्सन तिथे एका धंद्याच्या कामासाठी आला होता. दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. काम फिसकटलं. हातात फारसे पैसे नाहीत, शहर अनोळखी, आणि हॉटेलच्या लॉबीत एका बाजूच्या बारमधून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूला चर्चच्या पत्त्यांची यादी लावलेली होती. विल्सननं यादी पाहून एका धर्मोपदेशकाला फोन केला. मागणी विचित्र होती. प्रार्थना नको होती, त्याला बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा होता. फोनाफोनीतून गाठ पडली ती डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. स्मिथ पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. त्यांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ ला, आणि एए तीच तारीख आपली जन्मतारीख मानते. दोघांचाही संबंध तेव्हा ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीशी होता. चुकांची कबुली, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई, दुसऱ्याची सेवा या गोष्टी तिथूनच आल्या. १९३९ मध्ये एएचं पुस्तक निघालं तेव्हा त्यातल्या देवाची दारं मुद्दाम रुंद ठेवली गेली.

मराठी वाचकाला यातलं काही नवं वाटणार नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू आणि मांसाहार वर्ज्य, हे वारकरी परंपरेत ठरलेलंच. ‘त्यानं माळ घातली’ एवढं गावात कळलं की पुरतं, दारू सोडल्याचं वेगळं सांगावं लागत नाही. माळ चारचौघांना दिसते. गुत्त्याकडे वळणाऱ्या पावलाला ती अडवते आणि ओळखीचा माणूसही तिच्याकडे पाहून ग्लास पुढे करत नाही. शिवाय एकादशीचं भजन आहे, वारी आहे, दिंडीतली माणसं आहेत. संध्याकाळ कशी काढायची, हा दारू सोडणाऱ्याचा सगळ्यात अवघड प्रश्न त्यातून सुटतो. सेलिब्रेट रिकव्हरीत पहिल्या दिवशी निळी चकती देतात, पुढच्या टप्प्यांच्या चकत्या वेगळ्या. खिशातली चकती आणि गळ्यातली माळ यांचं काम सारखंच आहे. एक फरक मात्र नोंदवायला हवा. माळ घातलेला माणूस पुन्हा प्यायला तर लाजेनं भजनाला यायचाच बंद होऊ शकतो. खुर्च्यांच्या गोलात घसरलेल्यानं पुढच्या आठवड्यात यावं, अशीच अपेक्षा असते.

चर्च, बारा पायऱ्या आणि आपली माती यांचा मेळ मुंबईत घातला गेला तो फादर जो परेरा यांच्या हातून. ते स्वतः दारूच्या व्यसनातून एएच्या आधारानं बाहेर आले होते आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य होते. १९८१ मध्ये वांद्र्यात त्यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. बारा पायऱ्यांच्या जोडीला तिथे अय्यंगार पद्धतीची आसनं आली. नशेनं पोखरलेल्या शरीराला आधी स्वतःच्या पायांवर नीट उभं राहायला शिकवायचं, हा त्यामागचा विचार. त्यांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ कोणत्याही धर्माचं नाही. पण गटात बसून स्वतःबद्दल खरं बोलणं तिथेही उपचाराच्या गाभ्याशीच आहे.

याचा उपयोग होतो का? एएबद्दल तरी बऱ्यापैकी भक्कम उत्तर आहे. जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेरी यांनी २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेसाठी २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत १०,५६५ माणसं होती. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. बाकीच्या मोजमापांत ते साधारण बरोबरीचे होते. हा निष्कर्ष एएबद्दलचा आहे. तो प्रत्येक चर्चमधल्या किंवा मठातल्या कार्यक्रमाला आपोआप लागू होत नाही.

श्रद्धेच्या मर्यादाही स्वच्छ सांगितल्या पाहिजेत. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू थांबवली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायला हवेत. प्रार्थना करणाऱ्याला गोळ्यांची गरज नाही, असं सांगणारा कुणीही, मग तो कोणत्याही धर्माचा असो, माणसाच्या जिवाशी खेळत असतो. दुसरी मर्यादा सक्तीची. कोरीला बैठकीला जायला लावतात ते त्याचे लोक. सरकारनं असं करावं का, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयात गेला. हवाईतल्या एका बौद्ध पॅरोलवरच्या कैद्याला धार्मिक स्वरूपाच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाची सक्ती केली होती. २००७ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली. हा निवाडा योग्यच आहे. सक्तीनं घ्यायला लावलेलं देवाचं नाव बैठकीतल्या इतरांच्याही श्रद्धेचा अपमान करतं.

खेळाच्या चित्रपटाची मात्र स्वतःची एक ओढ असते. शेवटचा सामना हवा, शेवटचा चेंडू हवा, धावफलक हवा. ‘होम रन’मध्ये आठ आठवड्यांची मुदत आहे आणि दोन तासांच्या आत माणूस बदलायला हवा. गेव्हिन ओ’कॉनरच्या ‘द वे बॅक’नं (२०२०) हा मोह बऱ्यापैकी टाळला. त्यात बेन ॲफ्लेक कॅथलिक शाळेच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला आहे. तो मध्येच पुन्हा पितो, त्याची नोकरी जाते आणि संघाचा महत्त्वाचा सामना त्याच्याशिवाय होतो. ॲफ्लेक स्वतः व्यसनमुक्तीच्या उपचारांतून गेलेला असल्यानं त्या चेहऱ्यावरचा थकवा खरा वाटतो.

खऱ्या मैदानावरचा हिशेब कसा असतो, हे पाहायचं तर बेसबॉलपटू जॉश हॅमिल्टनकडे जावं लागतं. १९९९ मध्ये टँपा बे संघानं देशभरातल्या नव्या खेळाडूंतून त्याची पहिली निवड केली. २००१ मध्ये मोटार अपघातात पाठ दुखावली, खेळ थांबला, मोकळा वेळ आला आणि त्या वेळात दारू व कोकेन शिरलं. बंदीत त्याची उमेदीची वर्षं गेली. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये तो खंगलेल्या अवस्थेत आजीच्या दाराशी उभा राहिला. आजीनं आत घेतलं, आणि शुद्धीत आल्यावर त्याला खडसावलंही. आपण देवामुळे वाचलो, असं तो पुढे सगळीकडे सांगत राहिला. जुलै २००८ मध्ये जुन्या यँकी स्टेडियमवरच्या होमरन स्पर्धेत त्यानं पहिल्याच फेरीत २८ वेळा चेंडू कुंपणापार धाडला आणि २०१० मध्ये अमेरिकन लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

या यशाच्या काळात जॉनी नॅरन नावाचा प्रशिक्षक दौऱ्यावर सावलीसारखा त्याच्या बरोबर असे. हॅमिल्टन खिशात फारसे पैसे ठेवत नसे. दोघं मिळून बायबल वाचत. तरीही तो २००९ च्या सुरुवातीला एकदा घसरला होता. नॅरन २०११ च्या अखेरीस दुसऱ्या संघाकडे गेला आणि काही आठवड्यांतच, २०१२ च्या सुरुवातीला, हॅमिल्टन पुन्हा प्यायला. याचं कारण नॅरनचं जाणं होतं, असं कुणी सांगू शकत नाही, पण तारखा मनात राहतात. २०१५ मध्ये पुन्हा घसरण झाली तेव्हा त्यानं स्वतःहून जाऊन सांगितलं.

या सगळ्याच्या मधोमध ऑक्टोबर २०१० ची एक रात्र आहे. हॅमिल्टनच्या टेक्सस रेंजर्स संघानं बाद फेरीतली आपली पहिलीवहिली मालिका जिंकली, तीही टँपा बेमध्ये, ज्यांनी त्याला पहिल्यांदा निवडलं होतं त्यांच्याच मैदानावर. अशा विजयानंतर खेळाडूंच्या खोलीत शॅम्पेन उडवायची रीत असते. काही आठवड्यांपूर्वी गटविजेतेपदाच्या जल्लोषातून हॅमिल्टन त्याचमुळे बाजूला राहिला होता. या वेळी सहकाऱ्यांनी आधीच जिंजर एलच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या. तो आत आला तसे सगळे त्याच्याभोवती जमले आणि आल्याच्या गोड सोड्यानं त्याला नखशिखांत भिजवलं. पुढच्या फेरीत यँकीजना हरवल्यावरही त्यांनी तेच केलं.